पाळी, पाळणा आणि स्तनाचा कर्करोग

स्तनाच्या कर्करोगाच्या कारणांचा शोध मठांपासून सुरू झाला. इतर बायकांपेक्षा ननांमध्ये हा रोग जास्त दिसतो, असं इटलीतल्या रामाझिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवलं होतं. १८४२ साली रिगोनी-स्टर्न या इटालियन वैद्याने व्हेरोनातल्या ऐंशी वर्षांच्या मृत्युनोंदी चाळल्या, तेव्हा त्यालाही तेच आढळलं. असं का, हे मात्र तेव्हा कुणालाच नीट सांगता येईना.

पुढचं मोठं काम एका बाईनं केलं. ब्रिटनच्या डॉ. जेनेट लेन-क्लेपन यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० बायका घेतल्या आणि लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर पाजलं का, असे प्रश्न दोन्हीकडे सारखेच विचारले. रुग्ण बायकांची लग्नं उशिरा झालेली, मुलं कमी, अंगावर पाजणंही कमी. हा अहवाल १९२६ चा. रोगांची कारणं शोधण्याची ही पद्धत आज त्या विषयाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. बाईंचं नाव फारसं कुणाच्या कानावर पडत नाही.

१९७० मध्ये संशोधक ब्रायन मॅकमहॉन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतली माहिती एकत्र करून दाखवलं, की पहिल्या बाळंतपणाचं वय फार महत्त्वाचं. अठराच्या आत आई झालेल्यांना धोका पस्तिशीनंतर झालेल्यांच्या साधारण एक तृतीयांश. दर पाळीगणिक संप्रेरकं स्तनातल्या पेशींना वाढायला लावतात. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात त्या पेशी परिपक्व होतात आणि कर्करोगाला कमी बळी पडतात. पाळ्या जितक्या जास्त तितकी पेशींची ही वाढ जास्त, म्हणूनच लवकर आलेली आणि उशिरा गेलेली पाळी धोक्यात भर घालते.

आपल्याकडे मुंबईत १९६३ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. जसावाला यांच्या अभ्यासात पारशी स्त्रियांमधलं स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. उशिरा लग्न आणि मोजकी मुलं ही त्या समाजाची रीत पुढे साऱ्या शहराची झाली आणि मुंबईत स्तनाच्या कर्करोगाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मागे टाकलं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीत मात्र गर्भाशयमुखाचाच कर्करोग बराच काळ पुढे राहिला.

हे आकडे समाजाचे आहेत. तरी ते एकेकीच्या माथी मारले जातात: 'अंगावर पाजलं नसेल', 'फिगर जपत बसली'. २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांच्या एकत्रित हिशोबातून निघालं, की एकूण बारा महिने पाजल्यामागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. फायदा खरा, पण चार लेकरं पाजलेल्या आईलाही हा रोग होतो. मुली शिकल्या, लग्नं लांबली, हे उलटं फिरवा असं कोण म्हणेल? दारू आणि पाळी गेल्यावर वाढणारं वजन यांचंही धोक्याशी नातं आहे; ती निदान काही अंशी तरी हातातली गोष्ट.

त्याच २००२ साली अमेरिकेत सोळा हजारांवर स्त्रियांवरचा एक प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या संप्रेरकांची जोडगोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग वाढल्याचं दिसलं. ही औषधं वर्षानुवर्षं डॉक्टरच लिहून देत होते. लाखो स्त्रियांनी ती सोडली आणि पुढच्याच वर्षी त्या देशात नव्या रुग्णांचं प्रमाण जवळपास ७ टक्क्यांनी खाली आलं. इतक्या झटपट हे प्रमाण इतकं उतरवणारा उपाय बायकांच्या वागण्यात नव्हता, डॉक्टरांच्या चिठ्ठीत होता.