लादी, चुरा आणि चिलापी

उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. भीमेच्या फुगवट्यानं इंदापूर तालुक्याच्या नदीकाठची शेतं गिळली आणि त्याच पाण्यावर मासेमारी उभी राहिली. चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम... भिगवणच्या बाजारातून ही मासळी पुण्या-सोलापूरकडे निघते, ती बर्फाच्या भरवशावर. या बर्फाकडे आपण पाहतो ते फक्त तो किती टिकेल एवढ्याच हिशेबानं. ते अपुरं आहे, असं मला वाटतं.

बर्फाची लादी तयार होते खारट पाण्यात. पत्र्याच्या उभ्या डब्यांत गोडं पाणी भरून ते मिठाच्या टाकीत सोडतात. अमोनियाच्या यंत्रणेनं हे खारं पाणी उणे दहा अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही. डब्यातला बर्फ कडेकडून आत वाढतो, आणि जाडी दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट लागतो, कारण तयार झालेला थरच उष्णतेची वाट अडवतो. पाण्यातली हवा आत ढकलली जाते, म्हणून लादीचा गाभा पांढुरका दिसतो.

एक किलो बर्फ वितळायला लागणारी उष्णता तेवढंच गोठणबिंदूवरचं पाणी 80 अंशांपर्यंत तापवू शकते. बर्फाची सगळी ताकद इथे आहे. तो शून्य अंशावर असतो म्हणून नव्हे, वितळताना उष्णता पितो म्हणून मासा गार होतो. तीस अंशांवरचा एक किलो मासा शून्यावर आणायला साधारण तीनशे ग्रॅम बर्फ खर्ची पडतोच. तो खर्च वाचवायला जाणं म्हणजे मासा गरम ठेवणं. वाचवायचा असतो तो हवेत, उन्हात आणि गाडीच्या पत्र्यावर वाया जाणारा बर्फ.

म्हणून लादी साठवायची अखंड आणि फोडायची ऐनवेळी. दहा सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्याचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे केले, तर वजन तेच राहतं, पृष्ठभाग मात्र दहापट होतो. चुरा झपाट्यानं वितळतो, आणि माशांच्या पेटीत नेमकं तेच हवं असतं: चुरा कल्ल्यांना, पोटाला सगळीकडे टेकतो. शिवाय वितळलेलं गार पाणी माशांच्या फटींतून खाली झिरपत उष्णता घेऊन जातं. मात्र ते पेटीच्या तळाशी साचू देऊ नये. रक्त-घाण मिसळलेल्या त्या पाण्यात खालचा थर आधी बिघडतो.

अखंड लादीला भुसा किंवा गोणपाट लागतं, ते अडकलेल्या हवेसाठी. 1833 साली बोस्टनहून कलकत्त्याला बर्फाचं जहाज निघालं, तेव्हा त्यात 180 टन बर्फ होता. चार महिन्यांचा उष्ण प्रवास करून सुमारे 100 टन पोचला. सुक्या सालीच्या भुशाचं आणि बर्फ घट्ट रचण्याचं हे श्रेय. एवढ्या मोठ्या ढिगाला वजनाच्या मानानं पृष्ठभागही कमीच होता.

वारा बर्फाभोवतीची गार हवा उडवून नवी गरम हवा आणतो. उघड्या टेम्पोवरच्या लादीचं नुकसान उन्हाइतकंच वाऱ्यानंही होतं. दमटपणाचा घाव याहून लपलेला. हवेतली एक ग्रॅम वाफ बर्फावर पाणी होऊन बसली, की सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळवण्याइतकी उष्णता सोडते. पारा सारखाच असला तरी पावसाळी हवा एप्रिलच्या कोरड्या हवेपेक्षा बर्फाला जास्त महाग पडते. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा बराचसा काळ इथली कोरडी हवा बर्फाला त्या एका बाबतीत तरी सुसह्य असते.

याच भागात दूधधंदा मोठा आहे. आणि दूध थंड करणाऱ्या ज्या केंद्रांत 'आईस बँक' असते, तिथे बर्फ कुणाच्या नजरेलाही पडत नाही. पाण्याच्या टाकीतल्या नळ्यांवर तो रात्रभर थर धरून वाढतो. सकाळी ताजं, अंगच्या उबेचं दूध एकदम येतं, ते चार-पाच अंशांवर आणायचं असतं. त्या घटकेला बर्फ झटपट वितळावा म्हणून टाकीच्या तळातून हवेचे बुडबुडे सोडतात. हललेलं पाणी बर्फाला वेगानं खातं. दूध उतरलं की यंत्र पुन्हा थर चढवू लागतं, कारण संध्याकाळचे कॅन यायच्या आत तो जाड व्हायला हवा.