हायब्रिड गाडी, खंडाळ्याचा घाट आणि बॅटरीतल्या विजेचा भाव

आमच्याकडे हायब्रिड गाडी आहे असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चार्ज कुठे करता?" कुठेच नाही. तिला प्लगच नाही. मग दुसरा प्रश्न येतो: "मग त्या बॅटरीत वीज येते कुठून?" उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण ती सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. मग तिसरा प्रश्न, आणि तो मात्र खरंच चांगला आहे: "सगळं पेट्रोलमधूनच येणार असेल, तर वाचतं काय?"

माझी पीएचडी साधारण याच प्रश्नावर चालू आहे. हायब्रिड गाडीत इंजिन कधी चालवायचं आणि मोटर कधी, हे दर क्षणाला ठरवणारा जो संगणक असतो, त्याने हा निर्णय कसा घ्यावा, हा माझा विषय. आणि योगायोगाने दोन वर्षांपासून घरीही हायब्रिड आहे. बाबा रोज सिंहगड रोडहून हिंजवडीला जातात आणि प्रत्येक वेळी टाकी भरली की छोट्या डायरीत किलोमीटर आणि लिटर लिहितात. त्यामुळे आज थोडं संशोधन आणि थोडी डायरी. (गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, ही जाहिरात नव्हे.)

आधी एक खुलासा

"हायब्रिड" हा शब्द सध्या फार सैल वापरला जातो. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, पण एकटी गाडी ओढू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एकटीनेही गाडी चालवते. या लेखात हायब्रिड म्हणजे स्ट्राँग हायब्रिड. शोरूममध्ये गेलात तर हा प्रश्न आधी विचारा, कारण मायलेजमधला मोठा फरक इथेच पडतो.

कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शेने १९०० सालीच पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटरी एकत्र असलेली गाडी बनवली होती. पण मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली हायब्रिड म्हणजे टोयोटाची प्रियस, जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आलेली. भारतात होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली होती, पण तेव्हा ती फार महाग पडायची.

वाचतं काय?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट). चांगलं पेट्रोल इंजिन त्याच्या आवडत्या वेगाला आणि भाराला चाललं, तर त्यातली ३५ ते ४० टक्के ऊर्जा कामाला लावू शकतं. पण "आवडत्या भाराला" हे महत्त्वाचं. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना त्याच इंजिनाची कार्यक्षमता दहा-पंधरा टक्क्यांवर येते. आणि सिग्नलला उभं असताना ती शून्य. तेव्हा नुसतं पेट्रोल जळतं, काम काहीच होत नाही. एसी चालू असेल तर उभी गाडी तासाला पाऊण ते एक लिटर सहज पिते.

हायब्रिडची खरी करामत इथे आहे. गाडी रांगत असेल तर इंजिन बंद आणि मोटर चालू. बॅटरी उतरत आली की इंजिन सुरू होतं, पण ते सुरू झाल्यावर त्याला मुद्दाम जास्त काम दिलं जातं: गाडी ओढ आणि वर बॅटरीही भर. म्हणजे इंजिन चालतं ते त्याच्या आवडत्या भाराला, नाहीतर चालतच नाही. लोकांना वाटतं सगळी बचत ब्रेकमधून परत मिळणाऱ्या विजेमुळे होते. तीही होते, पण इंजिनाला त्याच्या नावडत्या कामातून सुट्टी देणं हा बचतीचा मोठा वाटा आहे.

ब्रेकचा हिशोबही करून पाहू. माणसांसकट १५०० किलोची गाडी ताशी ५० किमीने जात असेल तर तिच्या गतीत साधारण ०.०४ युनिट ऊर्जा असते. साध्या गाडीत ब्रेक मारला की ती सगळी उष्णता होऊन जाते. हायब्रिडमध्ये मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि, जाता-येताची गळती धरून, निम्म्याच्या आसपास पुन्हा वापरता येते. एका ब्रेकला हे काहीच नाही. पण वाकडच्या आसपास सकाळी किती वेळा ब्रेक मारावा लागतो ते तुम्हाला माहीत असेलच.

म्हणून डायरीतले आकडे उलटे दिसतात. हिंजवडीच्या गर्दीत आमची गाडी लिटरला २० ते २२ किमी देते आणि एक्स्प्रेसवेवर १०० च्या वेगाने १९-२०. आधीची साधी पेट्रोल गाडी याच शहरी रस्त्यावर १२ द्यायची आणि हायवेवर १७. हायवेला इंजिन तसंही बऱ्या भाराला चालत असतं, ब्रेक फारसे लागत नाहीत, त्यामुळे हायब्रिडला वाचवायला शिल्लक काही राहत नाही.

घाटात इंजिन का ओरडतं?

गाडी घेतल्यावर बाबांचा पहिला घाबरलेला फोन आला तो खंडाळ्याच्या घाटातून. "अगं, उतारावर ॲक्सिलरेटरला पायही नाही आणि इंजिन नुसतं ओरडतंय. काही बिघडलंय का?" काही बिघडलं नव्हतं.

लोणावळा ते खोपोली उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. १५०० किलोची गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा सव्वादोन युनिटच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. त्यातली जवळपास एक युनिट टायर आणि हवा खातात. उरली सव्वा युनिट. ती बॅटरीत घ्यावी म्हटलं, तर अशा गाडीची बॅटरी असते एक युनिटच्या आसपास, किंवा त्याहूनही छोटी. शिवाय तिचं आयुष्य टिकावं म्हणून संगणक ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण उतरूही देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवतो. म्हणजे घाटाच्या तोंडाशी रिकामी जागा असते पाव युनिटभर. अर्धा घाट उतरायच्या आतच बॅटरी "पोट भरलं" म्हणते.

आता उरलेली ऊर्जा घालवायची कुठे? सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापतील. म्हणून अनेक हायब्रिड गाड्या तेव्हा इंजिन नुसतंच फिरवतात, पेट्रोल न देता. साध्या गाडीत आपण उतारावर गिअर खाली घेतो, तसंच हे. आवाज येतो, पण पेट्रोल जळत नाही. अशा गाड्यांत गिअरच्या दांड्यापाशी बहुतेकदा "बी" असं अक्षर असतं, ते लांब उतारासाठीच. सपाट रस्त्यावर ते लावून ठेवायची गरज नाही.

डब्यातले पैसे

इथून माझं संशोधन सुरू होतं.

बॅटरी म्हणजे स्वयंपाकघरातला पैशांचा डबा समजा. महिन्याच्या सुरुवातीला जेवढे होते तेवढे शेवटी असावेत, मधे कमी-जास्त झाले तरी चालतील. प्रश्न असा की डब्यातून कधी काढायचे आणि कधी टाकायचे? शिवाय या डब्याला भोक आहे: इंजिनाने बनवलेली वीज बॅटरीत घालून परत मोटरला देईपर्यंत शंभरातले सत्तर-पंच्याहत्तरच हाती लागतात. म्हणजे उगाच आत-बाहेर करणं तोट्याचं.

संशोधनात यावर वापरली जाणारी एक युक्ती मला फार आवडते. बॅटरीतल्या विजेला पेट्रोलमध्ये भाव लावायचा. एक युनिट वीज आज खर्च केली, तर पुढे कधीतरी ती भरून काढायला किती पेट्रोल लागेल? तो झाला विजेचा भाव. मग संगणक दर क्षणाला एकच तुलना करतो: आत्ता इंजिन चालवणं स्वस्त की मोटर? रांगताना इंजिन महाग पडतं, मोटर स्वस्त. हायवेला उलट. एवढ्या साध्या नियमाने खूप चांगलं काम होतं.

अडचण एकच. हा भाव पुढच्या रस्त्यावर अवलंबून असतो, आणि पुढचा रस्ता गाडीला माहीत नसतो. समोर मोठा उतार असेल तर वीज फुकटच मिळणार आहे. म्हणजे ती आत्ता स्वस्त, खुशाल उधळा. समोर चढ असेल तर तीच वीज महाग, जपून ठेवा. संपूर्ण प्रवास आधीच माहीत असेल तर सर्वोत्तम निर्णय कोणता हे गणिताने काढता येतं, पण ते प्रवास झाल्यावर, प्रयोगशाळेत. खऱ्या रस्त्यावर अंदाज लागतो. नकाशातून पुढचा चढ-उतार वाचून हा भाव चालता-चालता कसा बदलावा, यावर मी काम करते. लोणावळ्याच्या आधीच बॅटरी थोडी रिकामी करून ठेवली, तर घाटातली जास्त वीज पदरात पडेल. काही गाड्यांमध्ये अशी सोय आलीही आहे. आपल्याकडे मात्र खरी गंमत ट्रॅफिकची: घाट जागचा हलत नाही, पण हिंजवडीची रांग आज किती लांब असेल हे कुठल्या नकाशात छापलेलं नसतं.

मग घ्यावी का?

हे मी आत्याला सांगितलं तसंच सांगते. साध्या आणि हायब्रिड आवृत्तीत ऑन-रोड तीन लाखांचा फरक धरू, पेट्रोल १०४ रुपये लिटर.

बाबा वर्षाला १४,००० किमी चालवतात, बहुतेक गर्दीत. १२ च्या हिशोबाने ११६७ लिटर, २१ च्या हिशोबाने ६६७. वर्षाला ५०० लिटर, म्हणजे ५२,००० रुपये वाचले. तीन लाख पावणेसहा वर्षांत वसूल. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, तोही वर्षाला टनाहून जास्त वाचला.

आत्या सांगलीला राहते. वर्षाला ८००० किमी, तेही जवळजवळ सगळे हायवेवर. १७ ऐवजी २० मिळाले तर वाचले ७० लिटर, म्हणजे सात हजार तीनशे रुपये. वसूल व्हायला ४१ वर्षं! "आत्या, तू साधी पेट्रोल घे आणि उरलेले पैसे बँकेत टाक," असं मी तिला सांगितलं. तिला जरा वाईट वाटलं, पण तिने साधीच घेतली.

आणि पूर्ण विजेवरची गाडी? शहरातल्या रोजच्या फेऱ्यांना ती हायब्रिडपेक्षाही कमी ऊर्जा घेते. आम्ही घेतली नाही कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटचा विषय दोन वर्षं मीटिंगमध्येच आहे. तुमच्याकडे स्वतःचं पार्किंग आणि प्लग असेल तर आधी तो हिशोब करा.

सोबत राहताना

दोन-तीन गोष्टी ब्रोशरमध्ये ठळक नसतात. एक, मोठ्या बॅटरीखेरीज गाडीत साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. संगणक तिच्यावरच जागा होतो. आमची गाडी तीन आठवडे उभी होती तेव्हा ती छोटी बॅटरी उतरली आणि मोठी भरलेली असूनही गाडी ढिम्म. लांब गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा, अधूनमधून गाडी "रेडी" करून थोडी फिरवायला. दोन, मोठ्या बॅटरीला थंड हवा बहुतेक गाड्यांत मागच्या सीटपाशी असलेल्या जाळीतून मिळते. तिथे पिशव्या कोंबू नका, आणि सर्व्हिसिंगला ती जाळी साफ केली का ते विचारा. आपल्याकडच्या धुळीत हे महत्त्वाचं. तीन, कमी वेगाला गाडी आवाजच करत नाही. गल्लीत समोरचे आजोबा वळून बघत नाहीत, कारण त्यांना मागे गाडी आहे हेच कळत नाही. तिथे सावकाश.

बॅटरीची भीती मात्र थोडी कमी करायला हरकत नाही. भारतात स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला सहसा ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी मिळते, आणि मधल्याच पट्ट्यात वापरल्यामुळे ती फोनच्या बॅटरीसारखी दमत नाही.

तेव्हा शोरूममध्ये जायच्या आधी महिनाभर एक डायरी ठेवा: किती किलोमीटर गर्दीत, किती मोकळ्या रस्त्यावर. गाडी घ्यायची की नाही, हे त्या दोन आकड्यांवरून बरंचसं ठरतं. आकडे काढलेत आणि हिशोब अडला, तर खाली विचारा.