तलावकाठचा कचरा: संकलन व हाताळणी
रायपूरच्या पुरानी बस्तीजवळील बूढा तलावासारख्या जलाशयांच्या काठी निर्माल्य, प्लास्टिक व काच एकत्र साचतात. तलावातील गाळ शेतात पसरल्यास त्यातील प्लास्टिकचे बारीक तुकडे जमिनीतून वेचून काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कचरा काठावरच वेगळा करावा.

तरंगता कचरा वाऱ्याबरोबर ज्या काठाला लागतो, तेथून काम सुरू करावे व तो लांब दांड्याच्या जाळीने ओढावा. जाड हातमोजे व बंद पादत्राणे वापरावीत. काच व सुया चिमट्याने उचलून झाकणाच्या टणक डब्यात ठेवाव्यात; पिशवीत टाकू नयेत. निर्माल्यातील दोरे, जरी व प्लास्टिक काढून ते निथळू द्यावे आणि कोरडा पाला व शेण मिसळून त्याचे कंपोस्ट करावे.