निवृत्तिवेतन आणि न्यायाची तारीख

आपल्या चळवळीने नोकरीचा प्रश्न हाती घेतला, बढतीचा घेतला, अनुशेषाचा घेतला. निवृत्तिवेतनाचा मात्र फारसा घेतला नाही. नेमणुकीचा हुकूम हाती पडला की लढा संपला, असे आपण मानत आलो. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या कर्मचाऱ्याला त्याचा हक्क उशिरा मिळाला, त्याच्या म्हातारपणी तो उशीर पुन्हा एकदा त्याच्याच खात्यावर टाकला जातो. तो कसा टाकला जातो आणि विकल्पाचा कागद समोर आला असता काय पाहावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन प्रसाद खटल्यात 1971 साली हे सांगितले. पुढे 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. केवळ अमुक तारखेपूर्वी निवृत्त झाला म्हणून एकाला कमी आणि त्यानंतर निवृत्त झाला म्हणून दुसऱ्याला जास्त, ही विभागणी समतेच्या तत्त्वात बसत नाही, असे त्या निकालाने ठरविले. तारीख ही निसर्गाने घातलेली नसते, ती माणसे घालतात. म्हणून ती तपासता येते आणि बदलताही येते.

दलितांच्या बाबतीत तारखेने काय केले याचे सर्वांत मोठे उदाहरण बौद्धांचे आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना 1943 साली केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी 8⅓ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि ज्यांनी ती घेतली ते केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातीचे उरले नाहीत. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या. परंतु रेल्वे, टपाल, बँका यांचे दार 1990 च्या कायद्यापर्यंत बंद राहिले. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला ही सगळी रेल्वेची गावे. चौतीस वर्षे तेथला बौद्ध तरुण एक तर कागदावर जुना धर्म लिहीत राहिला, नाही तर बाहेर राहिला. 1990 साली अन्याय दूर झाला खरा, पण मागची वर्षे कोणी मोजली नाहीत. ज्याचे वय उलटून गेले होते त्याला नोकरीच नाही, म्हणून पेन्शनही नाही. जो तिशी ओलांडून आत आला त्याच्या वेतनवाढी कमी, बढत्या कमी, अखेरचे वेतन कमी. आणि पेन्शन त्या अखेरच्या वेतनावरच ठरते.

आता राज्याच्या नोकरीकडे येऊ. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 ही ती रेषा आहे. त्यापूर्वी नेमणूक झालेल्याला 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे जुनी पेन्शन: रक्कम वेतनावर ठरलेली, तिच्यावर महागाईवाढ, पश्चात कुटुंबाला निवृत्तिवेतन. त्यानंतर नेमलेल्याला अंशदानाची योजना: दरमहा वेतनातून 10 टक्के कापले जातात, शासन आपला हिस्सा टाकते, पैसा बाजारात गुंतविला जातो, आणि अखेरीस किती मिळेल याची हमी नसते.

अनुशेषाच्या जागांवरचे लोक या रेषेच्या कोणत्या बाजूला पडले? बिंदुनामावलीत राखीव बिंदू रिकामा दिसत असतो, जागा भरली जात नाही, ती पुढे ओढली जाते, आणि जाहिरात निघते तेव्हा वर्षे लोटलेली असतात. 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने एक दिलासा दिला. ज्यांची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली होती, पण जे त्यानंतर रुजू झाले, त्यांना जुनी पेन्शन घेण्याचा एकवेळचा विकल्प मिळाला. सहा महिन्यांच्या आत तो द्यावयाचा होता. हे योग्यच झाले. परंतु कसोटी धरली ती जाहिरातीच्या तारखेची. ज्या कार्यालयाने राखीव जागेची जाहिरातच मुळी उशिरा काढली, तेथला कर्मचारी या दिलाशाबाहेर राहिला. कसूर कार्यालयाची आणि शिक्षा कर्मचाऱ्याला, असा हा हिशेब आहे.

म्हणून न्यायाधिकरणाचा वा न्यायालयाचा निकाल हाती आला की पुढील चार गोष्टी त्यात शोधाव्यात.

पहिली, मानीव दिनांक. नेमणूक वा बढती कोणत्या दिवसापासून झाली असे मानले जाणार? निकालात ही तारीख नसेल तर कार्यालय रुजू झाल्याचाच दिवस धरते.

दुसरी, ती सेवा निवृत्तिवेतनासाठी अर्हताकारी आहे काय? पुष्कळदा मानीव दिनांक केवळ ज्येष्ठतेपुरता दिला जातो. जुन्या पेन्शनला किमान 10 वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. खटला लढता लढता पन्नाशीत नेमणूक मिळालेला माणूस 58 व्या वर्षी आठच वर्षांच्या सेवेवर बाहेर पडतो. मागची वर्षे धरली तरच जुनी पेन्शन त्याच्या उपयोगाची. नाही तर तो विकल्प कागदावरच राहतो.

तिसरी, वेतननिश्चिती. प्रत्यक्ष थकबाकी दिली नाही तरी काल्पनिक वेतनवाढी धरून आजचे वेतन ठरविता येते. थकबाकी गेली तर एकदाच जाते. काल्पनिक वाढी गेल्या तर पेन्शन जन्मभर कमी राहते.

चौथी, थकबाकी. ‘काम नाही तर वेतन नाही’ हे उत्तर तयार असते. पण काम करायला तयार असलेल्या माणसाला ज्याचा दोष नसताना कामापासून दूर ठेवले, त्याला हा नियम सरसकट लावता येत नाही, असे जानकीरामन खटल्यात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. मात्र उशीर करू नये. पेन्शनची चूक दरमहा नव्याने घडत असली, तरी अर्ज उशिरा केल्यास थकबाकी साधारणतः मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हे तरसेम सिंग खटल्याने 2008 साली ठरविले.

2024 मध्ये राज्याने अंशदान योजनेची सुधारित आवृत्तीही आणली. तिच्यात 20 वर्षे सेवा झाल्यास अखेरच्या वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन आहे, सेवा कमी असल्यास त्या प्रमाणात. येथेही मेख आहे. मागासवर्गीयांना नोकरीत येण्याची वयोमर्यादा 43. त्या वयात आलेला 58 व्या वर्षी 15 वर्षे भरतो. म्हणजे निम्मे नव्हे, निम्म्याचे तीन चतुर्थांश. वयाची सवलत एका हाताने दिली आणि तिची किंमत दुसऱ्या हाताने वसूल केली.

निवड करायची तर आकडे समोर हवेत. ब्रिटनमध्ये 2015 साली सरकारी सेवकांच्या नव्या पेन्शन योजनेने वयाने लहान असलेल्यांवर अन्याय केला, असे तेथल्या न्यायाधीशांनी व अग्निशामक दलाच्या जवानांनी 2018 साली अपील न्यायालयात सिद्ध केले. 2022 च्या कायद्याने भरपाई ठरली ती अशी: अन्यायाच्या सात वर्षांपुरती जुनी योजना की नवी, हे बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी निवृत्तीच्या वेळी ठरवायचे, आणि दोन्हींचे आकडे लेखी मांडण्याचे काम कार्यालयाचे. आपल्याकडे विकल्पाला मुदत असते, आकडे नसतात. हिशेब न दाखविता घेतलेली सही ही निवड नव्हे.

यावर शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांना करता येण्याजोगे काम आहे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ, अमरावतीचे विद्यापीठ, दोन्ही जिल्हा परिषदा, नगरपालिका येथे उशिरा लागलेल्यांची यादी करावी. प्रत्येकाचे सेवापुस्तक पाहावे. जागा रिकामी झाल्याची, जाहिरातीची, निवडीची आणि रुजू होण्याची अशा चार तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात. बिंदुनामावलीची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. राज्य कर्मचाऱ्याचे प्रकरण नागपूरच्या महालेखापालांकडे जाते. तेथे जाण्याआधीच चूक दुरुस्त झालेली बरी. एस. टी. कामगार 1995 च्या वेगळ्या पेन्शन योजनेत येतो, त्याला हे नियम लागू नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. विकल्पावर सही करण्यापूर्वी दोन्ही योजनांचा हिशेब लेखी मागावा.

आणि मागणी एकच असावी: जाहिरातीची तारीख नव्हे, राखीव जागा रिकामी झाल्याची तारीख धरा. हे अशक्य म्हणणाऱ्यांना एक दाखला पुरे. पूर्ण पेन्शनसाठी 33 वर्षांची अट केंद्राने 2006 नंतरच्या निवृत्तांना काढून टाकली होती. 6 एप्रिल 2016 रोजी ती 2006 पूर्वीच्या निवृत्तांनाही काढली. दहा वर्षांनी का होईना, रेषा मागे सरकली. ती आपोआप सरकली नाही. म्हातारी माणसे न्यायालयाच्या पायऱ्या चढली म्हणून सरकली.