विश्लेषण : कुत्र्याच्या पोटासाठी पावडर किती उपयोगाची? खान्देशातील उन्हात आधी काय तपासावे?

उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तरी कामाच्या कुत्र्यांना सुट्टी नसते. जळगाव आणि धुळ्याच्या पोलीस दलातील श्वान गुन्ह्याचा माग काढतात, तर धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळांची कुत्री कळपासोबत मैलोन् मैल चालतात आणि रात्री राखण करतात. अशा कुत्र्याला हगवण लागली की हल्ली मोबाइलवरून ‘पोटाची पावडर’ मागवली जाते. ती खरेच उपयोगी पडते का?

कामाच्या कुत्र्याचे पोट लवकर का बिघडते?

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून शरीर थंड करते. श्रम करताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्यांना कमी मिळते. त्यात कडक ऊन असेल तर आतड्याचे अस्तर दुखावते आणि तिथले जिवाणू व त्यांची विषे रक्तात उतरू शकतात. उष्माघात झालेल्या कुत्र्याला रक्ताची हगवण लागते ती त्यामुळेच. मात्र दोष फक्त उन्हाचा नसतो. अलास्कातील बर्फात स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांमध्येही हगवण ही नेहमीची तक्रार आहे. श्रम, प्रवास आणि अचानक बदललेले खाद्य यांचाही ताण पोटावर येतो.

पावडरीत नेमके काय असते?

बहुतेक पावडरींमध्ये प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयुक्त जिवाणू असतात. कुत्र्यांसाठी ‘एन्टेरोकॉकस फिशियम’ हा जिवाणू बराच वापरला जातो. साध्या हगवणीत काही अभ्यासांत त्याने थोडा लवकर आराम पडला, काहींत फरक दिसला नाही. पावडरीने कुत्र्याचा वेग किंवा दम वाढतो, याला ठोस पुरावा नाही.

खान्देशात वेगळी अडचण कोणती?

साठवणुकीची. अनेक उत्पादनांवर २५ अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत राहिलेल्या डब्यातले जिवाणू मरू शकतात. मग पैसे जातात आणि गुण येत नाही. विकत घेताना जिवाणूचे नाव, मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या आणि साठवणुकीचे तापमान डब्यावर लिहिले आहे का, ते पाहावे.

घरगुती उपाय चालतात का?

इसबगोलाला थोडा आधार आहे. पोर्तुगालमधील पोलीस श्वानांच्या लहान गटावर झालेल्या २०२१ च्या अभ्यासात, मोठ्या आतड्याची जुनी हगवण असलेल्या बहुतेक श्वानांना त्याने फरक पडला. मात्र इसबगोलासोबत भरपूर पाणी हवे आणि मात्रा पशुवैद्यकाने ठरवलेली बरी. बिनमिठाचे थोडे ताक काही कुत्र्यांना चालते, काहींची हगवण त्याने वाढते. भाकरीतला स्टार्च कुत्र्याला पचतो, पण नुसत्या भाकरीवर काम करणाऱ्या कुत्र्याची प्रथिनांची गरज भागत नाही. सोबत उकडलेले अंडे किंवा शिजवलेले मांस हवे. उरलेली शेवभाजी किंवा भरीत मात्र देऊ नये. त्यातल्या कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा होते.

जंतांचा धोका माणसालाही कसा?

मेंढीची कच्ची आतडी, फुप्फुसे किंवा यकृत कुत्र्याने खाल्ले तर त्याच्या पोटात ‘एकायनोकॉकस’ हा बारीक फीतकृमी वाढू शकतो. कुत्रा वरून धडधाकट दिसतो. पण त्याच्या विष्ठेतली अंडी हाताला, पाण्याला किंवा भाजीला लागून माणसाच्या पोटात गेली, की यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. त्यासाठी कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. इथे कोणतीही पोटाची पावडर कामाची नाही. कच्चे अवयव कुत्र्यापुढे न टाकणे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक काळाने जंतनाशक देणे आणि कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, हेच उपाय आहेत.

मग आधी काय करावे?

* काम शक्यतो पहाटे किंवा संध्याकाळी. मध्ये सावली आणि थोडे थोडे पाणी.
* कामाच्या तोंडावर पोटभर खाऊ घालू नये. दमलेल्या कुत्र्याची धाप थांबल्यावरच जेवण.
* खाद्य बदलायचे तर सात-आठ दिवसांत हळूहळू.
* माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. काहींनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात.

दवाखाना कधी गाठावा?

विष्ठेत रक्त, सतत उलट्या, सुस्ती किंवा एक-दोन दिवसांत न थांबणारी हगवण असेल तर थांबू नये. लस न दिलेल्या पिलात ही पार्व्होची लक्षणे असू शकतात आणि तो जिवावर बेततो. पोट फुगून कुत्रा नुसतेच उमाळे काढत असेल, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तासही महत्त्वाचा. उष्माघातात अंगावर साधे पाणी ओतत, वारा घालत लगेच न्यावे. पावडरीचा विचार हे सगळे तपासून झाल्यावर, तोही पशुवैद्यकाला विचारून करावा.