मोटारीचें ‘ॲव्हरेज’ आणि तिचीं दुखणीं



मोटार दारांत असणें ही आतां केवळ श्रीमंतीची खूण राहिलेली नाहीं. शिक्षक, कारकून, छोटा दुकानदार, बागाईतदार अशा साध्या गृहस्थांच्या अंगणांतहि चारचाकी उभी दिसते. असे दोन मोटारवाले एकत्र आले कीं प्रकृतीच्या चौकशीमागून पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “आपली गाडी ॲव्हरेज किती देते?” उत्तरहि बहुधा तक्रारीचेंच असतें, “पूर्वीं पंधरा देत होती, आतां बारावर आली.” सन 2025 पासून या तक्रारीला एक नवें कारण मिळालें आहे, तें म्हणजे पेट्रोलमधील इथेनॉल. ही तक्रार कितपत खरी आणि तिच्या आड एखादें यांत्रिक दुखणें लपलें असल्यास तें ओळखावें कसें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्या शब्दाकडेच पाहूं. ‘ॲव्हरेज’ म्हणजे सरासरी. सरासरी एका आंकड्याची निघत नाहीं, हें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असतें. परंतु मोटारीच्या बाबतींत आपण तें विसरतों. पांचशें रुपयांचें पेट्रोल घालतों, कांटा खालीं येईपर्यंत गाडी हांकतों आणि अंदाजानें आंकडा ठोकून देतों. खरी रीत अशी आहे. पंपावर टांकी पूर्ण भरावी. नळी आपोआप बंद पडली कीं तेथेंच थांबावें आणि मीटरवरचे किलोमीटर वहींत लिहावे. पुढच्या खेपेस शक्य तर त्याच पंपावर तशीच टांकी भरावी. मध्यंतरीं गाडी 420 किलोमीटर चालली आणि 28 लिटर पेट्रोल मावलें, तर भागाकार 15 येतो. परंतु नळी कधीं थोडी आधीं बंद पडते, कधीं थोडी उशिरां. त्यांत दीड लिटरचा फरक पडला, तर 28 लिटरांवर तो शेंकडा पांचांहून अधिक होतो. उलट लागोपाठच्या पांच भरतींची बेरीज धरली, तर 140 लिटरांवर तोच दीड लिटर शेंकडा एकाच्या आसपास उरतो. कारण मधल्या भरतींतील कमीजास्त आपोआप भरून निघतें आणि चूक फक्त दोन टोकांनाच राहते. तेव्हां एका भरतीवरून कोणासहि दोष देऊं नये.

हा आंकडा ताडावयाचा कशाशीं? जाहिरातींतल्या आंकड्याशीं नव्हे. तो आंकडा पुण्यांतील ए.आर.ए.आय.सारख्या चांचणी-संस्थेंत काढलेला असतो. तेथें गाडी रस्त्यावर धांवत नाहीं. तिचीं चाकें फिरत्या लाटांवर फिरतात. अनेक वर्षें चालत आलेल्या भारतीय चांचणींत वेगाचें वेळापत्रक आधींच ठरलेलें असतें. तें वीस मिनिटांच्या आंत संपतें आणि त्यांत वेग ताशीं 90 किलोमीटरांच्या पलीकडे जात नाहीं. हा आंकडा खोटा नव्हे. दोन निरनिराळ्या गाड्यांची तुलना करण्यास तो उपयोगीच आहे. परंतु खंबाटकीचा घाट, पावसाळ्यांतले खड्डे आणि मागच्या बांकावरचें बिऱ्हाड यांचा हिशेब त्यांत नसतो. आपल्या गाडीची तुलना तिच्याच मागील आंकड्यांशीं करावी, हें उत्तम.

आतां पेट्रोल जातें कोठें, तें पाहूं. एका रुपयाचें पेट्रोल जाळलें, तर जुन्या हिशेबानें त्यांतले दहा-बारा आणे उष्णतेच्या रूपानें रेडिएटर आणि धुराची नळी यांच्या वाटेनें निघून जातात. चाकांच्या वांट्याला दोनपासून फार तर पांच आणे येतात. त्यांतूनच हवेचा विरोध, टायरांचें घर्षण आणि प्रत्येक ब्रेकबरोबर वाया जाणारी गति यांचें देणें भागवावें लागतें. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं 80 वरून 100 वर गेल्यास वेग सव्वापट होतो, पण विरोध दीडपटीहून अधिक होतो. टायरांतील हवा कमी असेल तर रबर अधिक दबतें आणि घर्षण वाढतें. इंजिन थंड असतां तें अधिक पेट्रोल मागतें; म्हणून शाळा आणि बाजार यांच्या दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांनीं भरलेल्या महिन्याची तुलना कोल्हापूरच्या एका लांब प्रवासाशीं करणें न्यायाचें नाहीं.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर इथेनॉलच्या प्रश्नाकडे वळूं. आपल्या देशांत सन 2003 मध्यें कांहीं राज्यांत, आणि त्यांत महाराष्ट्रांतहि, शेंकडा पांच या प्रमाणानें मिश्रणास आरंभ झाला. जून 2022 मध्यें देशाची सरासरी शेंकडा दहावर पोंचली, फेब्रुवारी 2023 मध्यें शेंकडा वीस मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि 2025 सालीं तें सर्वत्र रूढ झालें. शुद्ध पेट्रोलचाहि पर्याय ठेवावा, अशी मागणी करणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें 1 सप्टेंबर 2025 रोजीं फेटाळला. ऊस पिकविणाऱ्या आपल्या प्रांताला या धोरणाचा लाभ आहे आणि परदेशीं तेलावरचा कांहीं खर्चहि त्यानें वांचतो. परंतु त्यामुळें गृहस्थाच्या वहींतला आंकडा बदलावयाचा राहत नाहीं.

तो किती बदलावा? एक लिटर पेट्रोलमध्यें सुमारें 32 मेगाज्यूल उष्णता असते, एक लिटर इथेनॉलमध्यें सुमारें 21. म्हणजे शेंकडा वीस मिश्रणांत ती 29.8 भरते, शेंकडा दहा मिश्रणांत 30.9. शुद्ध पेट्रोलच्या मानानें ही घट शेंकडा सातांच्या जवळपास, आणि दहाच्या मिश्रणाच्या मानानें शेंकडा साडेतीन-चार होते. नीती आयोगाच्या 2021 सालच्या आराखड्यांतहि, शुद्ध पेट्रोलसाठीं बनविलेल्या आणि दहाच्या मिश्रणास जुळविलेल्या मोटारींत शेंकडा 6 ते 7 घटीचा अंदाज दिला होता. वीसच्या मिश्रणासाठींच जुळविलेल्या इंजिनांत घट याहून कमी पडते. महिना 800 किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचें ॲव्हरेज पंधरावरून चौदावर आलें, तर पावणेचार लिटर पेट्रोल अधिक लागतें. शंभर रुपये लिटर धरले तरी हे पावणेचारशें रुपये झाले. पेन्शनवर चालणाऱ्या घरांत ही रक्कम क्षुल्लक नव्हे. म्हणून “कांहींच फरक पडत नाहीं,” हें म्हणणें बरोबर नाहीं. पण चौथाई पेट्रोल इथेनॉलनें गिळलें, हेंहि बरोबर नाहीं. पंधराचे चौदा होणें इंधनाच्या रसायनानें समजतें. पंधराचे अकरा होणें समजत नाहीं. तेथें दुसरा चोर शोधावयास हवा.

याचें एक उदाहरण देतों. आमच्या आळींतील एका गृहस्थांच्या गाडीचें ॲव्हरेज पावसाळा संपतांना असेंच अकरावर आलें. गॅरेजवाला म्हणाला, “रावसाहेब, सगळा दोष पेट्रोलचा, आमच्या हातीं कांहीं नाहीं.” गृहस्थांचें समाधान झालें. पुढें एके दिवशीं वीस किलोमीटर जाऊन आल्यावर मागच्या एका चाकापाशीं जळका वास आला. त्या चाकाजवळ हात नेतांच धग लागली, दुसरें चाक मात्र कोमट होतें. हँडब्रेक लावून गाडी पावसांत पंधरवडा उभी होती. त्याची तार आंतून गंजून अडकली होती आणि ब्रेक रात्रंदिवस लागलेलाच होता. तार बदलली आणि आंकडा पुन्हां चौदावर आला. पैशापेक्षां महत्त्वाची गोष्ट ही कीं, तसा तापलेला ब्रेक घेऊन ते दोन नातवंडांसह घाट उतरले असते.

अशीं दुखणीं ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सपाट रस्त्यावर गाडी सोडली असतां ती लौकर थांबते काय? तर ब्रेक किंवा टायर पाहावे. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाहीं काय? तर क्लच घसरत आहे. इंजिन अडखळतें, हिसके देतें काय? तर प्लग झिजले असावे. बराच वेळ चालूनहि उष्णतेचा कांटा वर येत नाहीं काय? तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असून इंजिन स्वतःस थंड समजून अधिक पेट्रोल घेत आहे. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तर धुरांतील ऑक्सिजन मोजणारें उपकरण बिघडलें असण्याचा संभव असतो. या एका दोषानेंच ॲव्हरेज फार खालीं येतें. तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला, तर मात्र गाडी तत्काळ उभी करावी. एक समजूत जुनी झाली आहे, तीहि सांगतों. कार्ब्युरेटरच्या गाडींत हवेची जाळी तुंबली कीं पेट्रोल वाढत असे. इंजेक्शनच्या नव्या गाडींत यंत्र हवेप्रमाणें पेट्रोल कमी करतें, त्यामुळें जाळी तुंबल्यास जोर घटतो, ॲव्हरेज फारसें घटत नाहीं.

जुन्या गाड्यांविषयीं मात्र विशेष सावधगिरी हवी. इथेनॉल जुन्या टांकींतला मळ सुटा करतें, तो फिल्टरमध्यें अडकतो. तें पाणी शोषून घेतें, आणि पाणी फार झालें तर पाण्यासह इथेनॉल तळाशीं बसतें, जेथून पंप पेट्रोल ओढतो. कोंकणांतल्या दमट हवेंत गाडी महिनोन्महिने उभी ठेवूं नये, ती याचसाठीं. पूर्वींच्या रबरी नळ्या या मिश्रणानें फुगतात किंवा तडकतात. तापलेल्या इंजिनाजवळ गळणारी नळी ही ॲव्हरेजची बाब राहत नाहीं, ती आगीची बाब होते. बॉनेट उघडतांच पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करतां मेकॅनिकलाच घरीं बोलवावें, आणि नळ्या बदलतांना त्या वीस टक्के मिश्रणास चालणाऱ्या आहेत, याची खात्री करून घ्यावी.

सारांश, मोटारीसाठीं दोन रुपयांची पेन्सिल आणि एक वही ठेवावी. तींत तारीख, किलोमीटर, लिटर आणि शेरा असे चार रकाने आंखावे. शेऱ्यांत घाट, गर्दी, टायरांतली हवा, जें असेल तें लिहावें. वैद्य नाडी पाहतो ती रोग सांगण्यापूर्वीं. ही वही म्हणजे मोटारीची नाडी आहे. ती हातीं असली म्हणजे इंधनाचा दोष इंधनाच्या नांवें पडतो, यंत्राचा यंत्राच्या आणि चालविणाऱ्याचा चालविणाऱ्याच्या. ज्या घरांत सगळे दोष एकाच नांवावर मांडले जातात, तेथें खरा दोष शेवटपर्यंत सांपडत नाहीं.