कारखान्यातून बाहेर, पण पोहता येत नाही: शुक्राणूचं ‘फिनिशिंग’

एका श्रोत्याचा मेसेज आला: “महिन्यापूर्वी जोरदार ताप होता. आता सिमेन रिपोर्ट खराब आलाय. संपलं का सगळं?” मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण हा प्रश्न टायमिंगचा आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

शुक्राणू वृषणात बनतो. माणसात त्याला साधारण 64 ते 74 दिवस लागतात. गंमत म्हणजे तिथून निघताना त्याला डोकं असतं, शेपूट असते, पण धड पोहता येत नाही. कोड लिहून झालाय, पण अजून चालत नाही, तसं.

पुढचं काम एपिडिडिमिसमध्ये होतं. ही वृषणाला चिकटलेली, गुंडाळलेली बारीक नळी. सरळ केली तर जवळपास 6 मीटर! माणसात हा प्रवास काही दिवसांचा, रीसस माकडात त्याहून लांब. शुक्राणूचा डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की त्याला स्वतः नवी प्रथिनं जवळजवळ बनवता येत नाहीत. मग नळीच्या भिंतीतल्या पेशी बारीक पुड्यांत भरून ती त्याला पुरवतात. नळीच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याच्यात सरळ पुढे पोहण्याची ताकद आलेली असते.

तरी काम बाकीच! शेवटचा टप्पा स्त्रीच्या शरीरात. 1951 मध्ये चांग आणि ऑस्टिन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की तिथे काही तास घालवल्याशिवाय शुक्राणू बीजांडाला फलित करू शकत नाही. या काळात त्याच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल कमी होतं आणि शेपूट जोरजोरात फटके मारू लागते. याला म्हणतात कपॅसिटेशन.

आता मूळ प्रश्न. आजच्या नमुन्यातले शुक्राणू बनायला सुरुवात झाली ती दोन-अडीच महिन्यांपूर्वी. मध्ये ताप आला, तर त्याचा फटका काही आठवड्यांनी रिपोर्टमध्ये दिसतो. म्हणजे तो रिपोर्ट जुन्या बॅचचा. त्यामुळे तापाची तारीख डॉक्टरांना नक्की सांगा, आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची का, तेही विचारा.

आणि हो, आपल्याकडे मूल होत नाही म्हटलं की आधी सुनेकडेच बघतात. मित्रांनो, तपासणी दोघांचीही करा. एका कागदावरून कुणालाच दोषी ठरवू नका.

भेटू पुढच्या भागात!